डेल्बर्टसाठी तळघर

"हे व्हायचं नाही," नॉर्बर्टनं तळघराच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. "आधी लाकडी चौकटी, मग आत अस्तर, मग त्यावर फळ्या. जमीन तर सगळी नव्यानं करावी लागेल. वीस हजार डॉलर धरून चाल."

"माझ्याकडे सहाशे आहेत."

"मग डेल्बर्टला म्हणावं, येताना तंबू घेऊन ये."

नॉर्बर्ट हा व्हर्नाच्या बहिणीचा नवरा. जन्मात कधी खिळा ठोकला नव्हता, पण खिळा कसा ठोकावा यावर तासभर बोलू शकायचा. व्हर्ना सीडर रॅपिड्समधल्या एका शाळेत सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती. आणि डेल्बर्ट म्हणजे तिचा अकरा वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेला नवरा. तो राहायचा ती इमारत विकली गेली होती आणि नोव्हेंबरअखेर सगळ्यांनी खोल्या सोडायच्या होत्या. म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी घरांच्या यादीत त्याचं नाव होतं, पण नंबर लागायला वसंत उजाडणार होता. मुलीचा, जोनीचा, ॲरिझोनाहून फोन आला होता. तिकडे दोन खोल्यांत पाच माणसं.

"आई, फक्त हिवाळ्यापुरतं."

व्हर्नाच्या घरात वर झोपायची खोली एकच होती, आणि तिची वाटणी ती पुन्हा करणार नव्हती. राहता राहिलं तळघर.

"तंबूचं नंतर बघू," ती नॉर्बर्टला म्हणाली. "तू आधी शिडी धर."

छपराच्या पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं. व्हर्नानं वर चढून कुजलेली पानं मुठीमुठीनं काढली आणि खाली लांब पाइप जोडून पाणी हिरवळीवर सोडलं. नॉर्बर्ट शिडी धरून सूचना देत राहिला. पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. मग खालून ओल येते का बघायला तिनं जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. दोन दिवसांनी उचलला, तर खाली ओलीचा टिपूस नव्हता.

"पाऊसच कमी झाला यंदा," नॉर्बर्ट म्हणाला.

व्हर्नानं त्याला घरी पाठवून दिलं.

पुढचे तीन आठवडे दिवसा चारशे पोरांना बटाटे वाढायचे आणि संध्याकाळी मान मागे टाकून डोक्यावरच्या तुळया नि पाइप पांढरे रंगवायचे, असं चाललं. केसांत रंग बघून एका मुलीनं विचारलंसुद्धा, "तुम्ही एका रात्रीत म्हाताऱ्या कशा झालात?" जमिनीवर आधी फोमच्या चौकोनी लाद्या, वर दुकानातले गालिच्याचे उरलेले तुकडे. खिडकीच्या फटी बुजवल्या. शाळेच्या रंगमंचाचा टाकून दिलेला मरून रंगाचा पडदा धुऊन, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीपासून चांगला लांब टांगला. त्यामागे भट्टी आणि कपडे धुण्याचं मशीन दिसेनासं झालं.

डेल्बर्ट दोन खोकी घेऊन आला. तो होता सव्वासहा फूट. शेवटच्या पायरीवरून उतरताच छताखालून गेलेल्या गरम हवेच्या पत्र्याच्या नळावर त्याचं कपाळ आदळलं.

"ही खोली बुटक्यांसाठी केलीस का?"

"फुकट्यांसाठी केलीय."

दुसऱ्या दिवशी तिनं नळाला फोम गुंडाळला. त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बाकी मात्र बोलायला विषय पुष्कळ होते. दिवा पिवळा होता. गालिचा तीन रंगांचा होता. भट्टी रात्रभर घोरायची.

"तू पण घोरायचास," व्हर्ना म्हणाली. "मी काढली ना एकवीस वर्षं."

तो खोलीत वाकून चालायचा. बराच थकलाय, असं व्हर्नाला वाटायचं, आणि त्याची कीव आली की ती जास्तच तिरसट बोलायची. जानेवारीत गावात पाण्याचे नळ गोठले, तेव्हा ती जेवण घेऊन खाली गेली, तर हा अंगातला स्वेटर काढून नुसत्या सदऱ्यावर बसलेला. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचा रागही आला.

एप्रिलमध्ये सरकारी घराचं पत्र आलं. त्यानं तासाभरात सामान बांधलं.

"निघतो."

"दार ओढून घे."

झालं. आभाराचा एक शब्द नाही. दोन दिवस व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली आपटत होती.

रविवारी जोनीचा फोन आला. "बाबा म्हणतात, नवी खोली गार आहे. तुझी बरी होती म्हणाले."

"मग इथं असताना दातखीळ बसली होती का त्याची?" जरा थांबून तिनं विचारलं, "जेवतो काय?"

"डब्यातलं सूप, बहुतेक."

व्हर्नानं पुटपुटतच डुकराचं मांस भाजलं, आंबवलेला कोबी शिजवला, पिठाचे डम्पलिंग गोळे उकडले आणि भांडं फडक्यात बांधून गाडीत ठेवलं.

डेल्बर्टनं दार उघडलं आणि व्हर्नाला मान वर करून बघावं लागलं. इथलं छत उंच होतं. तो ताठ उभा होता. पाच महिने तिला जे म्हातारपण वाटलं होतं, त्याचा मागमूस नव्हता.

"काय बघतेस?"

"काही नाही. घे, गरम आहे."

खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यानं तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीपाशी उभ्या उभ्या जेवला.