पिवळ्या दिव्याखालच्या रेषा

मी एक जुनी काच आहे. काच म्हटलं की तुम्हाला खिडकी नाहीतर आरसा आठवेल, पण त्यांतली मी नव्हे. मी तळहाताएवढी गोल, बोटभर जाड चकती आहे आणि माझ्यात एकच गुण आहे, तो म्हणजे मी सपाट आहे. हसू नका हं! टेबलही सपाट असतं, पाटीही सपाट असते, हे मलाही ठाऊक आहे. पण मित्रांनो, तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढाही चढउतार माझ्या अंगावर सापडायचा नाही.

मला घडवलं ते उस्तादांनी. त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणी घेतच नाही. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या. मागच्या खोलीत काचा घासायची यंत्रं आणि पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, त्यावर पिवळा दिवा. मला पूर्ण व्हायला चार महिने लागले. थोडं घासायचं, थांबायचं, हाताची ऊब उतरू द्यायची, मग बघायचं. घाई केली की काच रुसते, असं उस्ताद म्हणत. मी तयार झाले त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली. म्हणून मी थोरली आणि ती धाकटी. ती नावं आम्हा दोघींना जन्माची चिकटली.

माझं काम सोपं होतं. नवी घासलेली काच टेबलावर ठेवायची, रबरी फुंकणीने धूळ उडवायची आणि मला अलगद तिच्यावर बसवायचं. दोघींच्या मधे हवेचा पापुद्रा राहतो. वरून पिवळा उजेड पडला की त्यात काळ्या रेषा उमटतात. रेषा सरळ असतील तर काच सपाट, वाकड्या असतील तर काचेत खोट. उस्ताद डावा डोळा मिटायचे, उजवा भिंगाला लावायचे आणि एका दमात सांगायचे, "मधे खड्डा आहे, अजून दोन तास." त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. लांबलांबचे लोक मला बघायला यायचे आणि उस्ताद त्यांना बजावायचे, "उचलायचं, सरकवायचं नाही. माझी लेक आहे ती." तेव्हा मी किती मिरवायचे म्हणून सांगू!

धाकटी मोठी झाली, उजेडाचंच शास्त्र शिकली आणि कारखान्यात परत आली ती एक नवं यंत्र घेऊन. लेसरचा किरण, पुढे पडदा. काच ठेवली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर तिचा रंगीत नकाशा! कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. पण धाकटीने बापाचा मान राखला. शेवटचा हात उस्तादांचाच राहिला आणि माझी जागाही पिवळ्या दिव्याखालीच राहिली.

मग त्या बारा काचांचं काम आलं. डोळे तपासायच्या एका यंत्रात त्या बसणार होत्या. पाठवायच्या दिवशी धाकटीने त्या आपल्या यंत्रावर ठेवल्या आणि तिचा चेहराच उतरला. बारापैकी नऊ वाकड्या!

"बाबा, परवा मी बघितल्या तेव्हा या चांगल्या होत्या."

"कसल्या चांगल्या? थोरलीखाली रेषा वाकड्या दिसत होत्या. मी पुन्हा घासून सरळ केल्या."

"यंत्र तर उलटं सांगतंय."

"मग तुझं यंत्र खोटं बोलतंय!" उस्ताद कडाडले. मग ते माझ्याकडे वळले. मला उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाहीतर थोरलीच गेली."

मित्रांनो, ते शब्द मला फार लागले. मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं गेलं. सोबतीला संपलेले सेल, वाकडे स्क्रू आणि एक मोडका चष्मा. दोन आठवडे मी तिथे पडून होते. रागही आला, पण त्याहून भीती जास्त वाटली. खरंच मी वाकडी झाले असेन का? स्वतःचं स्वतःला कुठे दिसतं?

एके दुपारी खण उघडला. समोर धाकटी! तिने मला पुसलं, तासभर निवू दिलं आणि त्या नव्या यंत्रात ठेवलं. माझा जीव टांगणीला लागला. पडद्यावर एकाच रंगाचा नितळ गोल उमटला. घडवलं त्या दिवशी होते तश्शी मी होते! त्या क्षणी त्या यंत्रावरचा माझा सगळा राग पळाला. पण धाकटी काही हसली नाही. काच खरी आणि यंत्रही खरं, मग चूक कुठे, असं पुटपुटत तिने हाक मारली, "बाबा, जरा इकडे येता?"

तिने मला एका चांगल्या काचेवर बसवलं. उस्तादांनी सवयीने डावा डोळा मिटला. "बघ, मधोमध बाक आहे. पाण्यातून बघावं तशा रेषा हलल्यासारख्या वाटतात."

"आता उजवा मिटा आणि डाव्याने बघा."

"डाव्याने? चाळीस वर्षं नुसता बसून खातोय तो. त्याला काय कळतंय?"

"माझ्यासाठी बघा."

उस्ताद वाकले. ते हळूच म्हणाले, "धाकटे, सरळ आहेत गं." आणि स्टुलावर बसकणच मारली. मग कसंनुसं हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं की माझं. उगाच लेकीवर आळ घेतला."

"त्या नऊ काचा मी पुन्हा घासते," धाकटी म्हणाली. "तुम्ही आधी माझ्याबरोबर चला."

डॉक्टरीणबाईंना नीट समजावं म्हणून तिने मलाही रुमालात बांधून नेलं. तिथे एक यंत्र होतं. उस्तादांनी हनुवटी टेकवली, आत उजेडाचा बारीक किरण गेला आणि त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर न् थर समोर दिसले. कुठे कापणं नाही, टोचणं नाही. उजव्या डोळ्यात पडद्याच्या बरोबर मधे पाणी साचून फुगवटा आला होता. म्हणून सरळ रेषा वाकड्या दिसत होत्या.

"आणखी दोन महिने गेले असते, तर मधली नजर गेली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता इंजेक्शनं देऊन सांभाळता येईल. पण रोज सकाळी घरी हा चौकटींचा कागद बघायचा. एकेका डोळ्याने. बाक वाढला तर त्याच दिवशी इथे यायचं."

उस्तादांनी कागद बाजूला सारला आणि रुमाल सोडला. "कागद कशाला? माझ्याकडे थोरली आहे."

बाईंनी मला हातात घेतलं. सरकवलं नाही, उचललं! माझं काम समजून घेऊन त्या म्हणाल्या, "कागद ठेवाच. पण हीही चालेल."

आता कारखान्यातल्या काचा नवं यंत्र तपासतं. चोख तपासतं, मी कबूल करते. माझ्या कडेला टवका उडालाय आणि मला बघायला कुणी येत नाही. पण मित्रांनो, माझं एक ऐका. सरळ रेषा वाकडी दिसली तर रेषेवर चिडू नका, काच फेकू नका. आधी एक डोळा झाका, मग दुसरा झाका, आणि काय दिसलं ते घरात कुणाला तरी लगेच सांगा. तुमच्या आजीआजोबांनाही सांगायला लावा.

रोज सकाळी उस्ताद पिवळा दिवा लावतात. उजव्या डोळ्याला अजून थोडा बाक दिसतो. "कालच्याइतकाच," ते मोठ्याने सांगतात आणि मागच्या खोलीतून धाकटी "बरं" म्हणते. पण त्याआधी, मला उचलताना, ते मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणतात, "थोरले, बघ गं, आज मी कसा आहे ते."