शेळीवाली नर्स

"माझ्या पुस्तकातली बाई तिच्या सख्ख्या आईलासुद्धा ओळखू यायची नाही," असं नोरीन टॅलिसने ऐल्साला तीनदा सांगितलं होतं. त्र्याऐंशी सालच्या मेलबर्नमध्ये नोरीनच्या शब्दाला वजन होतं. बाईचं बाईवर प्रेम असणं हा आजार नाही, आणि मी स्वतः तशीच आहे, असं उघड सांगणारी शहरातली पहिली मानसोपचारतज्ज्ञ तीच. ऐल्सा तिची पेशंट. नन्सच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि घरातल्या मैत्रिणीला मावसबहीण म्हणून खपवायची. शाळेला कळलं की नोकरी गेलीच.

म्हणून पेशंटच्या गोष्टींच्या पुस्तकात ऐल्साची गोष्ट लिहिताना नोरीनने शिक्षिकेची नर्स केली, मेलबर्नचं बेंडिगो गाव केलं, मांजराची शेळी केली.

प्रकाशन बायकांच्या पुस्तकांच्या दुकानात होतं. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा होता. सोळा जणींनी मसूर आणले. नोरीनने नर्सचंच प्रकरण वाचलं. ऐल्सा भिंतीला टेकून मसूर खात होती.

वाचन संपलं तशी दुसऱ्या रांगेतली एक धिप्पाड बाई उठली. "मी मॅव्हिस. बेंडिगोला नर्स आहे. तुला माझं कुणी सांगितलं?"

नोरीनने पुस्तक मिटलं. "अगं, मी तुला आज पहिल्यांदा बघतेय."

"वॉर्डात मी बेव्हला मावसबहीणच म्हणते. उद्या मेट्रनने हे वाचलं म्हणजे?"

"योगायोग गं."

"शेळीपण योगायोग?" शेजारची बेव्ह म्हणाली. "आमच्या शेळीने तुझं काय घोडं मारलं होतं?"

नोरीन घाईघाईने पुढे सरसावली. टॅलिस पेशंटची गुपितं छापते, असं सकाळपर्यंत गावभर झालं असतं. "शेळी नव्हतीच. मांजर होतं."

"आणि बेंडिगो?"

"कसलं बेंडिगो, इथलंच."

"आणि नर्स?"

"नर्स कुठली, शाळेत भूगोल..."

चाळीस माना सावकाश भिंतीकडे वळल्या.

"मग ठीक आहे," म्हणत मॅव्हिस खाली बसली.

ऐल्साने वाटी ठेवली आणि मागचं दार समजून संडासात शिरली. कडी आतून अडकली. सगळ्या जणी मदतीला धावल्या. नोरीन दाराला तोंड लावून "खोल श्वास घे" सांगत राहिली. शेवटी कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. त्याने आधी भिंतीवरची बायकांच्या प्रेमाची पोस्टरं वाचली, मग दार उघडलं. त्याच्या दोन्ही मुली ऐल्साच्या वर्गात होत्या.