सहा जणांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागाची फळी आहे. आज मला दार म्हणतात, ते खोटं आहे. म्हणून तर मी दिवसभर करकरते.

पांढरकवड्याला मासे तळून विकणाऱ्या गुलाम नबीने मला रंधा मारून चुलीसमोर आडवी टाकली. एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला सहा माणसं, बस्स. सातव्याला जागा नव्हती. तिथे कुणी काही मागायचं नाही. नदीतली ताजी मरळ तो समोर कापायचा, तळायचा आणि एकेक तुकडा खाणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. मग त्याच्या तोंडाकडे बघून पुढच्या तुकड्याचं मीठ ठरवायचा. नागपूरचे साहेब गाडी थांबवून यायचे. मी रोज लिंबाने घासली जायचे.

आता लपवतात ते सांगते. लाकडाच्या ट्रकवर हमाली करणारा गोविंदा मागच्या दाराशी पळसाचं पान धरायचा, आणि त्याच्या पानात तुकडा वरून पडायचा. गुलाम नबी वाईट नव्हता, भित्रा होता. दुकानाची खोली रामरावांची होती, आणि रामराव रोज माझ्या पहिल्या जागेवर बसत.

छप्पन साली गोविंदा बौद्ध झाला. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो समोरून आला आणि सहाव्या जागेवर बसला.

रामराव म्हणाले, "काहून रे, मागचं दार बुजलं काय?"

"म्याच बुजवलं जी."

"गुलाम, याले बाहेर दे. नाही तं खोली खाली कर."

गुलाम नबीने तुकडा उचलला. हाताला सवय लागलेली. तो वरूनच पडला. तेल माझ्यावर उडालं. गोविंदाने त्या तुकड्याला बोटही लावलं नाही.

"चाचा, मी काय मांजर हाओ? हातावर ठेव."

कढईतलं तेल धुपू लागलं. मग गुलाम नबीने दुसरा तुकडा घेतला, गोविंदाच्या तळहातावर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मीठ?"

"कमी हाय."

"पहिल्यांदा इचारलं, अन् तू खोड काढून राह्यला," गुलाम नबी म्हणाला, आणि चिमूटभर मीठ वाढवलं.

रामराव उठले. बाकीचे चौघे त्यांच्या मागे गेले. उरलेली मरळ गोविंदाने एकट्याने खाल्ली, सावकाश.

आठ दिवसांत खोली खाली झाली. गुलाम नबी कढई घेऊन राजूरच्या खाणीकडे गेला. मी भिंतीत ठोकलेली, तिथेच राहिले. रामरावांनी मला दोन हात कापून आखूड केलं, बिजागऱ्या मारल्या आणि आपल्या स्वयंपाकघराला लावलं. माणसं बसवणारी मी, आता माणसं अडवते. सहा वर्षं झाली.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, रंग नको. कधी इकडे आलात तर बिजागऱ्या उपटा, मला राजूरला न्या आणि आडवी टाका. सहा जण नाही मावणार आता. चार मावतील. पहिल्या जागेवर कुणीही बसा.