माझं मोकळं टोक

मी एक लाल दोरी बोलतेय. धारूरच्या डोंगराकडेला छबुबाईंचं घर आहे. त्यांच्या दारातल्या खुंटीला मी लटकलेली असते. येणारे-जाणारे मला बैलाचा कासरा समजतात. समजू द्या बापडे. मी मात्र आजवर एकही बैल धरलेला नाही. माझी सारी नोकरी बर्फात झाली.

कारखान्यात मला हलक्या धाग्यांनी विणलं, लालभडक रंगवलं आणि अंगावर जागोजागी छोटे बाण बसवले. बर्फाच्या उतारावरून जाणाऱ्या माणसाच्या कमरेला माझं एक टोक बांधायचं आणि बाकीची मला मागे मोकळी सोडायची. हिमस्खलन होऊन माणूस गाडला गेलाच, तर मी हलकी म्हणून थोडीफार वर राहते. माझे बाण ज्या दिशेला, त्या दिशेला माणूस.

सैन्यात मी आले रामेश्वरच्या वाट्याला. छबुबाईंचा हा एकुलता एक मुलगा. पोरगा कामाचा, पण एका खोडीने मला वैताग आणायचा. चार पावलं चालला की मला गोळा करून कमरेला गुंडाळायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. शेतकऱ्याच्या घरात कासरा जमिनीवर लोळलेला कुणाला बघवत नाही. बैलाच्या पायात अडकतो, जनावर पडतं. छबुबाईंनी लहानपणी त्याला यावरून चांगलं बदडलं होतं. बर्फात चालायला शिकवणारे आमचे उस्ताद रागवायचे, तेवढ्यापुरता तो मला सोडायचा आणि वळणावर पुन्हा गुंडाळायचा.

त्याच्याच तुकडीत धारूरचा योगीराज होता, किराणा दुकानदाराचा मुलगा. बैलाशी त्याचा संबंध पोळ्यापुरता. तो रामेश्वरची यथेच्छ टिंगल करायचा.

एकदा बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडलं. असं ऊन बघून नवख्याला आनंद होतो, आम्हाला भीती वाटते. खाली जुना कडक थर, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ. तो खालच्याला धरून बसत नाही. उतार एकेकाने ओलांडायचा, असं उस्तादांनी बजावलं. रामेश्वरची पाळी आली. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज झाला. तो थबकला आणि घाबरल्यावर हात जे करतात तेच त्याच्या हातांनी केलं. ते मला गोळा करू लागले.

मागून योगीराज शांतपणे म्हणाला, "रामेश्वर, कासरा सोड बे. हितं बैल न्हाईत."

या वेळी तो टिंगल करत नव्हता. रामेश्वरने मला सोडलं. पुढच्याच पावलाला अख्ख्या उतारावरचा बर्फ सुटला.

आवाज थांबला तेव्हा माझं शेवटचं टोक तेवढं बाहेर होतं. मला लई भीती वाटली, खोटं कशाला बोलू. उतार शांत झाल्याचं बघून उस्तादांनी इशारा केला आणि योगीराज धावत आला. त्याने माझे बाण बघितले आणि मला धरून खणत सुटला. रामेश्वर निळा पडला होता, पण श्वास चालू होता. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं चीज झाल्यासारखं वाटलं.

पुढे मी जुनी झाले. मला काढून टाकायची वेळ आली, तेव्हा रामेश्वरने उस्तादांना विचारून मला घरी आणलं. आता तोही नोकरी संपवून शेती बघतो. मी इथे सुखात आहे. ऊन आहे, कोंबड्या आहेत, अधूनमधून योगीराज चहाला येतो. तुमच्यापैकी कुणी बर्फात जाणार असेल, तर एवढंच सांगते, नीटनेटकेपणा घरी ठेवून जा.

मी या घरी आले त्या रात्री रामेश्वरने आईला सगळं सांगितलं. सकाळी छबुबाई अंगण झाडत होत्या. माझं टोक खाली मातीत लोळत होतं. शेजारची वनमाला आली आणि सवयीने मला गुंडाळायला वाकली.

"आसू दे, वनमाला," छबुबाई म्हणाल्या. "तेवढं टोक मोकळं ऱ्हाऊ दे. त्याला धरूनच माझं लेकरू वर आलंय."

आणि माझ्या कडेकडेने झाडत त्या पुढे गेल्या.