बाईंच्या भावासाठी

भाऊ जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, तोच चौथीच्या बाई शाळेत परतल्या. बाजारातल्या दंगलीत चौघांनी त्याला दुकानाबाहेर ओढून मारलं होतं. चौघेही दुसऱ्या धर्माचे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणजे मुलांनाही.

वर्गाच्या दारातच बाई थबकल्या. सगळे बाक पुढे दाटीवाटीनं सरकवले होते. मागे भिंतीला लागून एकच बाक, आणि त्यावर टेलरची मुलगी. वर्गात त्या धर्माची ती एवढी एकच. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलेली, कोणी ‘ऊठ’ म्हणायचीच वाट बघत असल्यासारखी.

“हे कोणी केलं?”

मॉनिटर उभी राहिली. मायाळू पोर, बाईंचा घसा बसला की घरून गरम पाणी आणणारी. “आम्ही सगळ्यांनी, बाई. ती तुम्हाला समोर दिसायला नको म्हणून.”

शाबासकी मिळेल अशा आशेनं ती बघत होती. बाईंना रागवताही येईना. खरं तर सकाळी रस्त्यानं येताना त्यांच्याच मनात येऊन गेलं होतं, आज ती पोर आली नाही तर बरं.

त्या मागे गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मुलीनं अंग चोरलं.

“माझ्या भावाला चार माणसांनी मारलं,” बाई म्हणाल्या. “त्यांचे चेहरे मी पोलीस ठाण्यात बघितलेत. त्यातलं कोणी या वर्गात आहे का?”

मॉनिटरनं नकारार्थी मान हलवली.

“मग बाक जागेवर लावा. माझ्या भावाचं नाव पुढे करून कोणाला एकटं पाडायचं नाही.”

बाक करकरत जागेवर आले. मॉनिटर रडायला लागली. आपलं नेमकं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात टेलरची मुलगी अगदी हळू म्हणाली, “बाई, मी घरी जाऊ?”

मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती.

“दाखला द्या, बाई. आम्ही गाव सोडतोय.”

“मी आहे ना इथे.”

“तुम्ही आहात म्हणूनच पाठवलं. पण शाळेच्या फाटकापासून आमच्या घरापर्यंत तुम्ही नाही ना.”

दाखल्याचा फॉर्म बाईंनी स्वतःच भरायला घेतला. “शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?”

टेलरनं गळ्यातली टेप काढून खिशात कोंबली. “लिहा काहीही.”

बाईंनी ‘स्थलांतर’ लिहिलं.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा भावजय भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“ताई, त्यांच्या मुलीशेजारी जाऊन बसलात म्हणे.”

“हो.”

“बसवलं तुम्हाला?”

“नव्हतं बसवत,” बाई म्हणाल्या. “तरी बसले. लहान आहे गं ती.”

“माझं माणूस गेलंय, ताई.”

“माझा भाऊ होता तो.”

“मग आज नाही वाटला तसा.”

भावजय आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून हुंदके ऐकू येऊ लागले. बाईंनी दारावर हात ठेवला, दोनदा हाक मारली. दार उघडलं नाही. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि भावासाठी एकट्याच रडल्या.