रिकाम्या रात्री भरणाऱ्या वन्सं

आजही दुपारी डोळा लागता लागता वन्सं दिसतात. खिडकीपाशी संगणकासमोर बसलेल्या, चहा गार झालेला, आणि त्या स्वतः खोलीत असून नसल्यासारख्या. माझी ही नणंद तेव्हा एक पॅकेज लिहीत होती, संख्याशास्त्राच्या मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी. नोंदींत राहिलेल्या रिकाम्या जागा ते अंदाजाने भरून द्यायचं. दूरदूरचे संशोधक ते फुकट वापरत, आपल्या लेखात मात्र नाव टाकत ते मोठ्या सॉफ्टवेअरचं.

"घर बांधणाऱ्याचं नाव पाटीवर नसतंच, वहिनी," वन्सं हसायच्या.

त्या वर्षी हसू आटलं. विद्यापीठातल्या नोकरीची मुदत संपत आली होती आणि ती वाढवणाऱ्या समितीने बजावलं होतं, पॅकेजचा एक तरी छापील उल्लेख दाखवा, नाहीतर निरोप घ्या.

मी एका डॉक्टरांकडे आकडेवारी सांभाळायचे. म्हाताऱ्यांच्या झोपेवरचा आमचा लेख लवकरच छापून येणार होता. ती माणसं झोपेतच मनगटावरचा झोप मोजणारा पट्टा काढून टाकत, मग नोंदींत नुसत्या कोऱ्या रात्री. वन्संच्या पॅकेजशिवाय पानही हललं नसतं. 'तुझा उल्लेख कसा करू?' असं पॅकेजलाच विचारता येतं. मी विचारलं, त्याने वन्संचं नाव, साल, आवृत्ती सांगितली, ती ओळ मी लेखाखालच्या संदर्भांत जोडली.

डॉक्टरांनी ती खोडली.

"मासिकाची संदर्भांना मर्यादा आहे, बाई. आपण स्टेथोस्कोपचा संदर्भ देतो का?"

"स्टेथोस्कोप रात्री भरून देत नाही, डॉक्टर. आपल्या निम्म्या रात्री या पॅकेजच्या आहेत."

"नणंदेची वकिली चाललीय!"

"चाललीय. तुम्ही तर स्वतःचीच करताय. तुमचेच जुने लेख किती घातलेत, बघा जरा."

चष्मा चढवून ते बघू लागले. कान लाल झाले.

"हा दातदुखीवरचा इथे कुठून आला?"

"मला काय विचारता? तुम्हीच घुसडलाय."

दातदुखी गेली, वन्सं आल्या.

अंक हाती आला तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. "ही बाई ओळखीची वाटते गं," म्हणाल्या, आणि अंक घेऊन समितीपुढे गेल्या.

संध्याकाळी परतल्या त्या पाण्यातून चालल्यासारख्या, सावकाश.

"नोकरीत राहिले, वहिनी."

एवढंच बोलून चपलांसकट पलंगावर आडव्या झाल्या. मी चपला काढल्या, तरी त्यांना जाग आली नाही.