शिडीवरची हाक

द्वे आजीनं लाकडी पळी घराच्या शिडीच्या वरच्या पायरीवर तीनदा आपटली.

"पॉ ल्वेच्या जिवा, ये. नदीत अडकला असशील तर ये."

जीव नदीत नव्हता. नदी ओलांडून थायलंडच्या या छावणीत आली तेव्हा पॉ ल्वेनं मावशीची लुंगी दोन्ही हातांनी धरली होती, एवढंच.

"सुपारीच्या बागेत असशील तर ये."

बागेत ऊन उशिरा यायचं. आजोबा सुपारी कातरायचे. ती हात पुढे करायची. तुला कडू लागेल, म्हणायचे, आणि तरी एक खांड द्यायचेच.

"घराच्या दारात–"

"नको," पॉ ल्वे म्हणाली. आजी ज्या मनगटाला दोरा बांधणार होती, तो हात तिनं पाठीमागे लपवला. "बोलवू नकोस त्याला."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "पंधरा दिवस ताप. भाताला शिवत नाही. जीव मागे राहिला की हेच होतं, आणि ही म्हणते नको."

"राहिला नाही. मी ठेवलाय. आजोबांपाशी."

गावावर बॉम्ब टाकायला विमानं आली त्या सकाळी आजोबांनी सगळ्यांची गाठोडी बांधून दिली. त्यांचे गुडघे डोंगर चढणारे नव्हते. शेवटच्या वळणावरून तिनं आणि मावशीनं पाहिलं तर ते दारात बसून पान लावत होते.

"माझा जीव इकडे आला तर त्यांच्याशी बोलणार कोण?"

"म्हशी आहेत की," आजी म्हणाली. "पण त्या म्हाताऱ्यापुढं म्हशीलाही बोलायची पाळी मिळायची नाही."

पॉ ल्वे हसली नाही.

आजीनं पळी खाली ठेवली. "आपल्यात माणसाला जीव किती असतात गं?"

"सदतीस."

"मग एक राहू दे तिथं. छत्तीस मला दे. छत्तिसांवर भात पचतो."

"एक पुरेल त्यांना?"

"जास्त ठेवलेस तर वैतागतील."

मग हात पाठीमागून पुढे आला.

"छत्तीस जण, या," आजीनं पुन्हा पळी आपटली. "घर लहान आहे, दाटीवाटीनं बसा." पांढरा दोरा मनगटाभोवती फिरला, गाठ बसली. पॉ ल्वेनं चिकट भाताचा लाडू उचलला, हुंगला, कडेनं थोडासा कुरतडला.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग बाही वर सारून ती आजीसमोर बसली.

"माझे पस्तीसच बोलव," ती म्हणाली.